पाचव्या दिवशी वही बंद पडली

पत्र : ‘सतरा वर्षं झाली, शेत मीच बघते. पहाटे साडेपाचला गोठा, दोन गायींच्या धारा, मग शेत, ते थेट दिवेलागणीपर्यंत. पाहुणे आले की बांधावर उभं राहून म्हणतात, “काय नशीब तुमचं, केवढी मोकळी हवा!” मला त्या हवेत पाऊस येतोय की नाही एवढंच दिसतं. शेतात पाऊल टाकलं की राहिलेली कामं अंगावर येतात. तण, फुटलेली नळी, पिवळं पडलेलं पान. मुलीनं कुठंसं वाचून कृतज्ञतेची वही आणून दिली, रोज रात्री पाच गोष्टी लिहायच्या. पहिल्या रात्री लिहिलं : सूर्य, पाणी, माती, घरची माणसं, गायी. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पाचव्या दिवशी वही बंद पडली. जेवण जातं, झोप लागते, आजारी नाही मी. पण आनंद म्हणून काही वाटत नाही. मी कृतघ्न आहे का?
– एक शेतकरीण
ता. क. पाणी देताना एक काळापांढरा, सारखी शेपटी हलवणारा पक्षी माझ्या मागं मागं फिरतो. तो काय करत असतो?’

ताई, तुम्ही कृतघ्न नाही. वही चुकीची होती.

आधी पाहुण्यांचं बघू. शेतकऱ्याची नजर खोट शोधण्यासाठीच घडत जाते. शंभर हिरव्या पानांत एक पिवळं असलं तर तुम्हाला तेच आधी दिसतं, कारण ते चार दिवस उशिरा दिसलं तर नुकसान तुमचं. सतरा वर्षं तुम्ही ही नजर धारदार करत आलात. पाहुण्याला ते पान दिसतच नाही म्हणून त्याला शेत सुंदर दिसतं; त्यात त्याचा काही मोठेपणा नाही. शिवाय त्याला सगळं नवं असतं. रोजचं झालं की डोळा नोंद घेणं सोडून देतो, मग ती मोकळी हवा असो की घरातलं घड्याळ. तेव्हा ही नजर बोथट करायची नाही, तिच्यावर तुमचं पोट आहे. आठवड्यातनं थोडा वेळ तिला दुसरीकडे वळवायचं, एवढंच.

आता वही. ‘कृतज्ञ’ हा शब्द फोडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपण बोलताना म्हणतोच की, ‘केलेल्याची जाण ठेव.’ म्हणजे कोणी काय केलं हे आधी कळायला हवं, आभार त्याच्यानंतर. तुम्ही वहीत ‘सूर्य, पाणी, माती’ लिहिलंत तेव्हा काही जाणलं नाहीत, हजेरी घेतलीत. हजेरीच्या वहीनं कोणाला आनंद होतो? रोज तीच नावं, तोच क्रम. कंटाळा येणारच होता. आणि कृतघ्न तो, जो केलेलं मारून टाकतो. सतरा वर्षं जमीन आणि जनावरं जपणाऱ्या बाईनं तो शब्द स्वतःला लावू नये.

कृतज्ञतेच्या वहीचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे आणि त्यातून काही उपयोगी गोष्टी हाती लागतात. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटानं त्याच काळात मनस्तापाच्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपल्या एकूण आयुष्याबद्दल अधिक बरं वाटलं. दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. तुम्ही रोज लिहीत होतात, तेही रात्री, अंग आंबून गेल्यावर. परिणाम फार मोठा असतो असंही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वहीनं कर्ज फिटत नाही आणि पाऊसही पडत नाही.

नवी वही अशी करा. घरात नको, गोठ्यात किंवा अवजारं ठेवता त्या खोलीत खिळ्याला टांगा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सोबत पेन्सिल बांधा. दमट कागदावर पेन उठत नाही, पेन्सिल उठते. आठवड्यातून एक वार ठरवा, ज्या दिवशी घाई त्यातल्या त्यात कमी असते तो. सकाळच्या धारा झाल्या, हात धुतले की तीन ओळी. तीनच. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात : वार, जागा, कोणी, काय केलं. ‘पक्षी छान होते’ ही ओळ बाद. ‘मंगळवार, विहिरीकडचा बांध, कोळ्यानं पिकाच्या दोन ताटांच्या मध्ये जाळं विणलं, त्यात चार तुडतुडे’ ही ओळ चालेल. कोळ्याचे आभार मानायची गरज नाही. त्यानं चार तुडतुडे धरले हे तुम्हाला माहीत झालं, तेवढं पुरे. ओळ सुचली नाही तर जागा कोरी सोडा. भरीला भरती लिहिलं की आठ दिवसांत पुन्हा हजेरी सुरू होते.

पण लिहायला आधी काही दिसायला हवं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं रिकाम्या हातांनी फेरी मारा. खुरपं नाही, फोन नाही, बादली नाही. हे सोपं वाटतं आणि पहिल्या तीन मिनिटांत मोडतं. वाटेत तण दिसतं, हात आपोआप जातो, एक उपटलं की दहा उपटली जातात आणि फेरीची खुरपणी होते. म्हणून खिशात कागदाचा कपटा ठेवा. काम दिसलं की ‘वरचा वाफा, तण’ एवढं लिहून पुढं चला. लिहिलं की ते काम डोक्यातनं उतरतं, विसरलं जाण्याची धाकधूक राहत नाही. अपवाद फक्त तीन : पिकात जनावर शिरलंय, पाणी फुटलंय, कुठं आग दिसतेय. तेव्हा फेरी गेली खड्ड्यात, आधी ते बघा.

नेहमीच्या वाटेनं जाऊ नका. नेहमीच्या वाटेवर डोळे तुमच्या आधी जाऊन कामं शोधून ठेवतात. उलट्या बाजूनं शिरा, नाहीतर खाली बसा. बसल्यावर शेत वेगळंच दिसतं, कारण कमरेच्या उंचीवरून दिसतात त्या ओळी आणि गुडघ्याच्या उंचीवरून दिसतात ते जीव.

काय बघायचं, हे मोघम सांगून उपयोग नाही. चार-पाच ठिकाणं सांगतो, त्यातलं जे तुमच्याकडे असेल ते घ्या.

मका, गहू किंवा कोणतंही गवतवर्गीय पीक कोवळं असताना उजाडता उजाडता जा. पानाच्या टोकाला एकेक टपोरा थेंब लोंबत असतो. सगळे त्याला दव म्हणतात, पण ते दव नव्हे. दव हवेतून येतं आणि पानभर बारीक बारीक बसतं. टोकावरचा हा थेंब रोपाच्या आतून आलेला असतो. रात्री पानावरची छिद्रं मिटलेली असतात, मुळं मात्र जमिनीतून पाणी ओढत राहतात. आतला दाब वाढतो आणि पाणी टोकाच्या खास छिद्रांतून बाहेर ढकललं जातं. तुम्ही झोपला होतात तेव्हा प्रत्येक रोप कामावर होतं, त्याची ही पावती. थेंब बोटानं टिपून घ्या आणि थोडा वेळ थांबा. जमीन ओली आणि हवा दमट असली तर तो पुन्हा भरताना दिसू शकतो. ऊन चढलं की खेळ संपला. मात्र थेंब नाहीत म्हणजे पाणी कमी पडलं असं धरून पाण्याची पाळी ठरवू नका. कोरड्या हवेतही ते दिसत नाहीत.

भोपळ्याचा वेल असेल तर त्याच्यासाठी एक सकाळ राखून ठेवा. भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत कायमचं मिटतं. एका फुलाला आयुष्यात एकच सकाळ. नर आणि मादी फुलं वेगळी असतात : मादीच्या खाली बोराएवढा इवलासा भोपळा आधीच तयार असतो, नराच्या खाली नुसता लांब देठ. सुरुवातीला बहुतेक नरच येतात. ‘फुलं भरपूर, फळ एक नाही’ म्हणून पुष्कळ जण या दिवसांत हवालदिल होऊन काहीबाही फवारतात, तिथंच चुकतं. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाही. तो नरापासून मादीपर्यंत नेणारी मधमाशीच लागते.

उमललेल्या एका मादी फुलापाशी दहा मिनिटं बसा आणि भेटी मोजा. माशी नर फुलातून आलेली असली तर तिची पाठ आधीच परागानं पिवळी झालेली असते; ती फुलात उतरते, तळाशी मधाच्या कपापर्यंत जाते आणि बाहेर येते. एका भेटीत भागत नाही. पराग पुरेसा पोचला तरच आतल्या बऱ्याच बिया धरतात, आणि जिथं बिया धरतात तिथलाच गर फुगतो. एका टोकाला चिंबलेला, वाकडा भोपळा किंवा काकडी मिळाली ना, तर पुष्कळदा त्याचं कारण हेच : त्या सकाळी माश्या कमी पडल्या. पुढच्या वेळी अंगानं भरलेला, सरळ भोपळा कापाल तेव्हा त्यातल्या बिया बघा. त्या बिया म्हणजे माश्यांच्या फेऱ्यांचा हिशेब आहे. वहीत ओळ : ‘गुरुवार, कुंपणाचा वेल, एका फुलावर दहा मिनिटांत अकरा माश्या.’ दुधीचा वेल असेल तर वेळ उलटी. त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि अंधारात त्याच्यावर पतंग येतात.

मातीसाठी हातात कुदळ घ्यावी लागेल, तेव्हा ही फेरी रिकाम्या हातांची नाही. ओल असताना, सकाळच्या वेळी, वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल असा मातीचा ठोकळा काढा आणि गोणपाटावर ठेवून हातानं फोडा. गांडुळं मोजा. दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी ताडू नका. माती वेगळी, पीक वेगळं, ऋतू वेगळा, त्या ताडण्याला अर्थ नाही. आपलाच आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास, त्याच जागेजवळ पुन्हा मोजा. कडक उन्हाळ्यात एकही सापडलं नाही तर घाबरू नका, तेव्हा पुष्कळशी खाली ओलीत जाऊन गाठ मारून पडून असतात. मोजून झालं की सावलीत पटकन परत माती आड करा, उन्हात ती काही मिनिटांतच वाळतात. चार्ल्स डार्विननं आयुष्याच्या अखेरीला, 1881 साली, गांडुळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबानं इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एका एकरातली दहा टनांहून जास्त माती दरवर्षी त्यांच्या पोटातून वर येते. नांगराला हे जमत असेल, पण नांगर रात्री स्वतःहून चालत नाही.

त्याच कुदळीनं कडधान्याचं एक रोप फुलावर असताना मुळांसकट काढा. उपटू नका, उपटलं की ज्यासाठी काढायचं तेच मातीत राहतं. बादलीत हलकेच बुडवून माती सुटू द्या. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं कापा. आत गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या चुलतभावाचा आहे, आणि तो गाठीतल्या जिवाणूंना हवेतला नत्र पकडायला मदत करतो. पांढरी गाठ म्हणजे अजून कामाला लागलेली नाही, हिरवट किंवा तपकिरी म्हणजे काम संपलं. सगळ्याच पांढऱ्या निघाल्या, तर जमिनीत योग्य जिवाणू नसतील किंवा नत्राचं खत जास्त झालं असेल. आयतं मिळालं की रोप गाठी पोसत नाही. ही माहिती कामाचीही आहे, मान्य. पण स्वतःच्या शेतातली लाल गाठ पहिल्यांदा कापताना माणूस हातातलं काम विसरतो. त्या वेळी घरात लेकरू असेल तर त्याला हाक मारा.

पहिल्या पावसाचा वास तुम्हालाही आवडत असणार, तो सगळ्यांनाच आवडतो. त्यातला मातकट भाग जमिनीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि माणसाचं नाक तो कमालीच्या थोड्या प्रमाणातही ओळखतं. हलक्या ते मध्यम सरीत तो जास्त उठतो, कारण थेंब आपटताना मातीतल्या हवेचे बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात. मुसळधार पावसात ते उडायला अवसर मिळत नाही. तेव्हा पहिली सर आली की वाळत घातलेलं उचलून झाल्यावर मिनिटभर दारात थांबा. एवढंच, याला फेरी लागत नाही.

आता गोठा, कारण तुमचा दिवस तिथून सुरू होतो.

धार काढायला बसता तेव्हा गाय पान्हावते म्हणजे काय होतं? सड धुताना, कासेला हात लागताना तो स्पर्श तिच्या मेंदूपर्यंत जातो, तिथून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि ते कासेत पोचून दूध खाली सोडायला साधारण एक ते दीड मिनिट लागतं. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. गाय दचकली, ओरडाआरडा झाला, घाईत सड ओढला की उलटं संप्रेरक सुटतं आणि ती पान्हा चोरते. म्हणजे पहिलं दीड मिनिट तुम्हाला घाई करताच येत नाही. केली तर दूध कमी निघतं. हे मिनिट कामाच्या हिशेबात आधीच धरलेलं आहे, तेव्हा ते वापरा. कपाळ तिच्या कुशीला टेका. आतला गुरगुराट ऐका. निरोगी गाईचं मोठं पोट मिनिट-दोन मिनिटांत एकदोनदा तरी ढवळतं आणि कान लावला तर लांबच्या गडगडाटासारखा आवाज येतो. तिच्या अंगाची ऊब, धारेचा आवाज बादलीच्या तळावर टणटण आणि नंतर फेसात मऊ होत जाणारा. हे तुम्हाला सतरा वर्षं ऐकू येतंय. ऐकलं शेवटचं कधी होतं?

दुपारी ती रवंथ करत बसली की तिच्या डाव्या बाजूनं मानेकडं बघा. घास पोटातून वर चढतो तो चेंडूसारखा मानेतून सरकताना दिसतो. मग चघळणं मोजा. साधारण 40 ते 70 वेळा चघळते, गिळते, चार-पाच सेकंद थांबते आणि पुढचा घास चढतो. दिवसाकाठी सात-आठ तास तिचं हे चालतं, आणि मोठ्या दुभत्या गाईच्या तोंडात दिवसरात्र मिळून 100 लिटरहून जास्त लाळ तयार होते. ती लाळच पोटातलं आम्ल ताळ्यावर ठेवते. तीन घास होईपर्यंत उभं राहा. चार मिनिटंही लागत नाहीत. एखाद्या दिवशी आकडा नेहमीपेक्षा बराच खाली आला, किंवा ती रवंथच करेना, तर चारा फार बारीक कुटला गेलाय का, ताप आहे का, ते बघा. मोजण्याची सवय असेल तर दुखणं एक दिवस आधी कळतं.

आणि एकदा रात्री शेतात जा. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, सोबतीला कोणीतरी, पुढं प्रकाश टाकत. बॅटरी हातात खाली धरू नका, कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा, आणि पिकाच्या बुडाशी, जमिनीवर रोखा. हिरवट-पांढरे बारीक ठिपके लुकलुकतील, दवावर प्रकाश पडल्यासारखे. जवळ गेलात की एखादा ठिपका पळतो. ते लांडगा कोळी आहेत. त्यांच्या डोळ्यांत आरशासारखा पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतो. म्हणून बॅटरी डोळ्यांजवळ नसेल तर काही दिसत नाही. ते जाळं विणत नाहीत, रात्रभर जमिनीवर हिंडून तुडतुडे आणि अळ्या धरतात. दहा पावलांच्या पट्ट्यात किती जोड्या डोळे दिसले ते मोजा. तुमच्या पगारावर नसलेले एवढे राखणदार शेतात आहेत हे एकदा पाहिलं की फवारणीचा पंप उचलताना हात जरा थांबतो. थांबू द्या.

जाण नुसती मनात ठेवून जिरत नाही, तिला हातानं काहीतरी करावंसं वाटतं. उतराई व्हायला मोठं काही लागत नाही. उथळ थाळीत खडे घालून पाणी ठेवा, खडे पाण्याच्या वर डोकावले पाहिजेत म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची सोय होते. बांधाची दोन-चार हात लांबीची पट्टी फुलणाऱ्या गवतासाठी सोडा, पण तुमच्या पिकावरच्या किडीला आसरा देणारं तण त्यात नको आणि बी धरण्याआधी ती छाटा. फवारणी टाळताच येत नसेल तर पीक फुलावर असताना करू नका; अगदीच वेळ आली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

माणसांच्या बाबतीतही तेच : मोघम बोललेलं पोचत नाही. ‘चांगलं काम केलंस’ हे कानावरून जातं. ‘काल तू वेळेवर दारं मोडून पाणी वळवलंस म्हणून खालच्या वाफ्यातली रोपं कुजली नाहीत’ हे बरेच दिवस लक्षात राहतं. आठवड्याच्या तीन ओळींतली एक माणसाची असू द्या आणि ती वहीत न ठेवता त्याला तोंडानं सांगा. घरच्यांना असं सांगायला लाज वाटते, ठाऊक आहे. काम करता करता, त्यांच्याकडं न बघता सांगा. तरी पोचतं.

आता एक बजावून सांगतो. ही वही नुकसान झाकायला वापरायची नाही. गारपिटीनं पीक झोपलं त्या आठवड्यात ‘निदान विहीर तरी भरली’ असं स्वतःच्या मनाविरुद्ध लिहू नका आणि कोणी तसं म्हणालं तर मान डोलवायची सक्तीही नाही. नुकसान हिशेबाच्या वहीत आकड्यांनी लिहा, रडायचं असेल तर रडा, तो आठवडा या वहीत कोरा जाऊ दे.

आणि तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे, तीच आम्हाला सगळ्यात जड वाटली : सतरा वर्षं, पहाटे साडेपाच ते दिवेलागण. सुट्टीचा शब्दही नाही. थकलेल्या माणसाला भोपळ्याचं फूल दाखवून काही होत नाही. आठवड्यातली एक अर्धी सुट्टी आधी मिळवा. अडचण गायींची असणार, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला धार शिकवा. पण एका दिवसात हातपालट करू नका, गाय परक्या हाताला पान्हा देत नाही. पहिले काही दिवस त्यानं नुसतं शेजारी उभं राहून अंगावर हात फिरवावा, मग तुम्ही जवळ असताना त्यानं काढावी, मग एकट्यानं. आठ-पंधरा दिवस जातात. तोवर दूध थोडं कमी निघालं तर निघू द्या.

जेवण जातं, झोप लागते असं तुम्ही लिहिलंत, ते बरं आहे. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, कशातच मन लागेनासं झालं, झोप किंवा भूक उडाली, जगून काय करायचं असं वाटायला लागलं, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. डॉक्टरकडे जा, वही नको. अशा दिवसांत घरातली कीटकनाशकं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे. हे फक्त तुमच्यासाठी नाही, शेती करणाऱ्या प्रत्येक घरासाठी आहे.

राहता राहिला ताजा कलम. तो पक्षी बहुधा धोबी आहे. पाणी सरीत शिरलं की जमिनीच्या भेगांत बसलेले किडे, कोळी, लहान अळ्या जीव वाचवायला वर येतात. तुम्ही पुढं पाणी नेता, तो मागून वेचत येतो. तुमचं पाण्याचं बारं त्याचं जेवण आहे. शेपटी तो का हलवतो याबद्दल पक्ष्यांचे अभ्यासक अजून वाद घालतात. ‘मी सावध आहे, माझ्या वाटेला जाऊ नका’ असं तो शिकाऱ्याला सांगत असावा, असं त्यातल्या काहींचं म्हणणं आहे. पुढच्या बाऱ्याला मोजा : एका सरीत तो किती वेळा टिपतो, आणि पाण्याच्या तोंडापासून किती पावलं लांब राहतो.

आणि वहीतली पहिली ओळ शोधत बसू नका. जागा, कोणी, काय करतो, हे तुम्ही ताज्या कलमातच लिहून पाठवलंय. त्यात फक्त वार घाला.